भैरवमाचीचा बांध

कातळगडाच्या भैरवमाचीवर उजाडले, तेव्हा तळ्यावरचे धुके अजून हलले नव्हते आणि खाली खोऱ्यात गनिमाच्या छावणीतला धूर नदीकाठाने संथपणे वर चढत होता. माचीच्या टोकाशी, दोन कड्यांमधली घळ अडवून पाच पिढ्यांपूर्वी घातलेला दगडी बांध उभा होता. त्याच्या आत गडाचे सारे पाणी. त्याच्या खाली दीड हजार वस्तीची पेठ, आणि पेठेला खेटून दोन महिन्यांपासून पडलेला वेढा.

बांधाचा राखणदार सिदोजी बेलदार, बायको गेल्यापासून तिथल्याच खोपीत एकटा राहत असे. एकुलती एक मुलगी भागू गडावरच्या एका शिलेदाराला दिली होती. त्या सकाळी सिदोजीने पायथ्याच्या झिरप्याखाली ओंजळ धरली आणि तो जागीच थबकला. वर्षानुवर्षे नितळ येणारे पाणी गढूळ होते. बांध आतून पोखरला जात होता.

तो तडक सदरेवर गेला. किल्लेदार हैबतराव दाभोळे आणि सबनीस मोरो त्र्यंबक दोघेच बसले होते.

"सरकार, आजच मोरी उघडून तळं निम्मं खाली करायला हवं. नाहीतर दोन दिवसांत बांध जाईल."

"पावसाळा सरला आहे, सिदोजी. सोडलेलं पाणी पुन्हा कुठून आणायचं?"

मोरोपंत हळूच म्हणाले, "बांध जाणारच असेल, तर जाऊ द्यावा. गनिमाची छावणी नेमकी पाण्याच्या वाटेवर आहे. एका घटकेत वेढा उठेल."

"आणि पेठ?"

"पेठेने गनिमाकडून अभयाचा कौल घेतला आहे, सरकार."

 हैबतराव सिदोजीकडे न बघताच म्हणाले, "मोरीला हात लावायचा नाही. ही आमची आज्ञा समज."

सिदोजीने मुजरा केला आणि तो परतला. मोरीचा दट्ट्या वर ओढायची साखळी गतसालीच गंजून तुटली होती. तीनदा अर्ज करूनही नवी मिळाली नव्हती. त्यामुळे तिथे पहारा ठेवावा असे कोणालाच वाटले नाही. सिदोजीने पहार घेतली, छातीत श्वास भरला आणि त्या थंडगार पाण्यात बुडी मारली. चौथ्या बुडीला दट्ट्या निसटला. मोरीच्या ओढीने त्याचा डावा हात दगडात सापडला आणि तो वर आला तेव्हा तीन बोटे चिरडलेली होती.

पाणी दिवसभर धो धो वाहिले आणि निम्म्या उंचीवरच्या मोरीपर्यंत उतरून थांबले. नदी फुगली, छावणीने काठावरचे तंबू मागे घेतले, पेठेतल्या बायकांनी घाटावरची भांडी उचलली. याहून अधिक काही घडले नाही.

दिवस मावळताना हैबतराव नंगी तलवार घेऊन एकटेच बांधावर आले. सिदोजीने आधी तळ्याकडे बोट दाखवले, मग मान झुकवली. पाणी ओसरल्यावर बांधाच्या आतल्या अंगाला, दगड निखळून, माणूस वाकून शिरेल एवढे भगदाड उघडे पडले होते. हैबतरावांनी ते पाहिले, खालची पेठ पाहिली. तलवार म्यानात गेली.

"तू हे का केलंस ते सांगायचं, तर आम्ही काय होऊ देणार होतो तेही सांगावं लागेल," ते म्हणाले.

"मी कुणाला सांगणार नाही, सरकार."

"तुला लोक हरामखोर म्हणतील."

"म्हणू द्या."

दुसऱ्या दिवशी सिदोजीने एकट्याने, एका हाताने, ते भगदाड दगडमातीने बुजवले. उरलेले पाणी बावीस दिवस पुरले. तेविसाव्या दिवशी हैबतरावांनी शस्त्रांनिशी बाहेर पडण्याच्या शर्तीवर गड खाली केला. शिबंदी बांधावरून जाताना एकही माणूस सिदोजीशी बोलला नाही, दोघेतिघे थुंकले. हैबतराव त्याच्यासमोर क्षणभर थांबले, ओठ हलले, आणि ते पुढे गेले.

शेवटी भागू आली. डोक्यावर बोचके होते.

"आबा, सारे म्हणतात, तुम्ही गनिमाला गड विकलात."

सिदोजी बोचके उतरवायला पुढे झाला, ती मागे सरली.

"नाही म्हणा ना, आबा. एकदा नाही म्हणा. मी ऐकेन."

"नाही विकला, पोरी."

"मग पाणी का सोडलंत?"

त्याच्याजवळ उत्तर होते. शिबंदीच्या पुढे चाललेल्या हैबतरावांची पाठ अजून दिसत होती.  भागूने डोळे पुसले, वाकून त्याच्या पायांना हात लावला आणि ती नवऱ्यामागे उतरू लागली. वळणावर ती मागे वळेल म्हणून तो उभा राहिला. ती वळली नाही.

खाली पेठेत गुरे नदीवर निघाली होती. सिदोजीने सकाळी मळलेला चुना सुकू लागला होता. तो गुडघ्यांवर बसला आणि उजव्या हाताने सांध्यांत चुना भरू लागला.