मोराचा अडकित्ता

"या वेळी बरा निघाला मोर कपाटातनं!" थोरला प्रद्युम्न हसत म्हणाला, आणि पीठीच्या हळदीने पिवळे हात झालेल्या बायका त्याच्या आईकडे बघू लागल्या. हेमकुंवरबेनच्या काळजात कळ उठली... पण चेहरा त्यांनी हसराच ठेवला. आता ते त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

धाकट्या तुषारला पीठी, म्हणजे लग्नाची हळद, लागली होती. ती लागली की नवरदेवाच्या हाती घरचा अडकित्ता द्यायचा, आणि फेरे होईपर्यंत त्याने तो खाली ठेवायचा नाही. अडकित्त्यावाचून नवरदेव म्हणजे त्याला कुणाचीही दृष्ट लागायची, असं काठियावाडात मानतात. आणि जामनगरच्या या घरात तर भिंतीभर अडकित्तेच होते! हेमकुंवरबेनच्या नवऱ्याने, वनमाळीभाईंनी, पुढच्या दोन्ही खोल्यांचं संग्रहालय केलं होतं. पोपटाचे, घोडेस्वाराचे, घुंगरं लावलेले; एक तर असा, की शाळेच्या मुली बघायला आल्या की ते घाईघाईने त्याच्यावर रुमाल टाकत. येणाऱ्या-जाणाऱ्याला हेमकुंवरबेन चहा-गांठिया देत आणि मागच्या अंधाऱ्या खोल्यांत संसार करत. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. दुसऱ्यांच्या नवऱ्यांना पत्त्यांचा नाद असतो, आमच्यांना अडकित्त्यांचा, असं त्या शेजारणींना कौतुकानेच सांगत.

सल एकच होता. प्रद्युम्नच्या लग्नात त्याने पणजोबांचा मोराचा अडकित्ता मागितला होता, आणि वनमाळीभाईंनी आतल्या खोलीत बायकोला साफ सांगितलं होतं, की वरातीत कुणी लांबवला तर काय, काचेतली वस्तू बाहेर जाणार नाही. बाहेर लेक वाट बघत उभा होता. त्याचा स्वभाव आईला ठाऊक होता. बापाशी एकदा तुटलं की तो या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नव्हता. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, मीच नको म्हटलं. नवरदेव शेजाऱ्यांचा गंजका अडकित्ता घेऊन मांडवात बसला. अडकित्तेवाल्यांच्या घरचा नवरदेव उसना अडकित्ता घेऊन आला म्हणून सासरची माणसं पोट धरधरून हसली, आणि ते हसणं त्याच्या मनात घर करून राहिलं.

तेव्हापासून तो राजकोटहून दर दिवाळीला येई, बापुजींच्या पाया पडे, नव्या अडकित्त्यांविषयी त्यांच्याशी तासन्‌तास बोले. आईला मात्र 'बा' म्हणून हाक मारत नसे. ताट वाढलं की पोट भरलंय म्हणे. त्या ताट झाकून ठेवत, बाप-लेकांच्या गप्पा आतून ऐकत, आणि... खरं सांगायचं तर, त्या ऐकण्यातही त्यांना सुख वाटे.

आताही त्यांनी उत्तर तयारच ठेवलं होतं. "म्हातारपणी अक्कल आली म्हण मला," त्या हळूच म्हणाल्या.

"पुरे, हेमकुंवर." कपाटाची किल्ली आणि मोराचा अडकित्ता हातात घेऊन वनमाळीभाई दारात उभे होते. "प्रद्युम्न, तुला नकार मी दिला होता. हिने नाही. पोटच्या पोरापेक्षा मला पितळेचा मोर मोठा वाटला... आणि नंतर सांगायची हिंमतच झाली नाही. तू माझ्या पाया पडायचास, मी आशीर्वाद द्यायचो, आणि ही तिकडे पाठ करून उभी असायची."

वनमाळीभाईंनी अडकित्ता तुषारच्या हाती ठेवला आणि भिंतीशी टेकून ते लहान मुलासारखे रडू लागले. प्रद्युम्न त्यांच्याकडे बघत राहिला. रागाने त्याच्या कपाळाची शीर ताठली... मग तो वळला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला, कारण हेमकुंवरबेन केव्हाच तिथे निघून गेल्या होत्या आणि लापसीत उगाचच तूप सोडत होत्या.

"का केलंस असं?" त्याने विचारलं.

त्यांनी वर पाहिलं नाही. "तू माझ्यावर रुसलास, तरी दर दिवाळीला घरी आलास. त्यांच्यावर रुसला असतास तर आला असतास का?"

इतक्या वर्षांची झाकलेली ताटं त्याच्या डोळ्यांसमोरून गेली असावीत.

"बापुजींना काही बोलू नकोस आता," त्या म्हणाल्या. "आजचा दिवस चांगला आहे. त्यांचं त्यांनाच पुष्कळ झालंय."

तो मटकन पाटावर बसला. तिथूनच, शाळेतून आल्यावर बसायचा तसा, आईकडे न बघता म्हणाला, "बा... भूक लागलीय."

हेमकुंवरबेनच्या हातातली पळी क्षणभर थांबली. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पदराने टिपलंही नाही.

"आधी हात धुऊन ये," त्या म्हणाल्या.