अडतीस सेकंद

आमच्या तराफ्यावरच्या घरात टीव्ही आहे, वीज आहे, किनाऱ्यावरून ओढून आणलेली इंटरनेटची तारही आहे. नाही ते फक्त धड चालणारं चित्र. शनिवारी नाहीतर रविवारी भर दुपारी बाराला जपानमधला फुटबॉलचा सामना सुरू होतो आणि पडद्याच्या मधोमध ते पांढरं वर्तुळ फिरायला लागतं. मी पाटबंधारे खात्यासाठी साकेक्रांग नदीची पातळी मोजते. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, मीटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत. अंदाजे, बहुधा, असं वाटतं, हे शब्द माझ्या वहीत चालत नाहीत. स्वभावाने मी तशी थंड आहे, पण त्या वर्तुळाने दोन वर्षांत माझं डोकं पार फिरवलं होतं.

सामने बघायचं कारण एकच, माझा धाकटा भाऊ केंग. तो तिकडच्या दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबात उजव्या बाजूने खेळतो. खेळतो कसला, जॅकेट घालून राखीव बाकावर बसतो. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्याला मैदान दिसलं ते शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांपुरतं. यंदा हंगामाबरोबर करारही संपत होता. राहिलेल्या सामन्यांत काही करून दाखवलं तर पुढचा विचार करू, असं क्लबाने त्याला तोंडावर सांगितलं होतं. केंग एकोणतीस वर्षांचा. परत येऊन काय, तराफ्याखालच्या पिंजऱ्यातल्या माशांना दाणे टाकणार? आई म्हणायची, आला तर आला, निदान दोन घास वेळेवर खाईल. मला ते ऐकवत नसे.

डिश आम्हीही लावून बघितली होती. पण तराफा पाण्यावर डुलतो, एखादी होडी जवळून गेली की डिशचं तोंड फिरतं आणि चित्र जातं. तराफ्याचं हे डुलणं आमच्या अंगवळणी पडलेलं आहे. घरात कोण आलं हे बघावं लागत नाही, कोणता कोपरा किती दबला त्यावरून कळतं. आई काठाला जोडलेल्या फळीवरून सावकाश येते. केंग मात्र लहानपणापासून फळी सोडून डाव्या कोपऱ्यावर थेट उडी मारायचा. सगळं घर एकदा खाली जायचं, मग वर यायचं, आणि पाण्याच्या रांजणावरचं झाकण दोनदा वाजायचं. आई मागे न बघता म्हणायची, "आधी पाय धू."

शेजारचा तराफा साआतकाकांचा, आमच्यापासून चाळीस मीटर खाली, प्रवाहाच्या दिशेने. काका एकटे, जन्मभर वाळूच्या नावा हाकलेले. त्यांनी किनाऱ्यावर खांब रोवून डिश लावली होती, त्यामुळे त्यांचं चित्र आमच्या आधी यायचं. आमच्या पडद्यावर चेंडू अजून मधल्या रेषेवर असायचा आणि तिकडून पाण्यावरून त्यांची आरोळी यायची. मी घड्याळ लावून मोजलं. अडतीस सेकंद. आधी गोल ऐकायचा आणि मग बघायचा, यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही. एकदा मी होडी घेऊन गेले आणि त्यांना हात जोडून सांगितलं की काका, केंग मैदानात उतरला तरी ओरडू नका, निदान तेवढं आम्हाला आमच्या डोळ्यांनी बघू द्या.

"तुझं चित्र म्हातारं झालंय, उराई," काका म्हणाले. "त्याला मी काय करू? माझ्या तोंडाला कुलूप लावू?"

त्यानंतर आम्ही दोघं बोललो नाही. ऑगस्टमध्ये एका सकाळी ते मांजरांना भात घालता घालता खाली बसले ते उठलेच नाहीत.

पलीकडच्या काठावरच्या देवळात तीन दिवस शवपेटी होती. जेवायच्या वेळेला पेटीवर टकटक करून गेलेल्या माणसाला जेवायला बोलवायचं असतं. काकांना जवळचं कुणी नव्हतं, एक पुतण्या होता तो फोनवर. म्हणून ते काम आईने केलं. तिने भाताचं ताट ठेवलं, पेटीवर तीनदा बोटं वाजवली आणि म्हणाली, "साआत, जेवायला ये. आणि हे बघ, माझ्या केंगचं जे काही होईल ते आम्हाला सगळ्यांच्या आधी कळव. कळवशील तोवर तुझं ताट माझ्याकडे."

शेवयांची होडी चालवणारी बुप्पामावशी शेजारीच बसली होती. तिने आईचा दंड धरला. मेलेल्या माणसाकडे मागताना किती आणि कधीपर्यंत ते बोलायचं असतं, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. आई सत्तर वर्षांची, तिला तर माहीतच होतं. "मुदत नाही घातलीस," मावशी पुटपुटली. आई म्हणाली, आईच्या काळजीला कसली आलीय मुदत.

पुतण्याने टीव्ही नेला, डिश नेली, मांजरं देवळात सोडली. तराफा तसाच राहिला. खालचे बांबू कुजल्यामुळे तो एका अंगाला कलला होता.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सामन्याच्या उत्तरार्धात त्या रिकाम्या तराफ्यावरून तीन टकटक आल्या. लाकडावर बोटांची पेरं वाजवावीत तशा, सावकाश. मी तिकडे बघितलं. दार बंद होतं, कडीला पुतण्याचं कुलूप होतं. मी परत पडद्याकडे वळले तोवर केंग जॅकेट काढत होता. मी सवयीने घड्याळ बघितलं होतं. अडतीस सेकंद.

आईने ताट वाढलं आणि एक उदबत्ती लावून आमच्या तराफ्याच्या त्या बाजूच्या कडेला ठेवलं.

मला राग आला. आईचा, काकांचा, त्या क्लबाचा आणि स्वतःचाही, कारण माझ्या मानेवर काटा आला होता. सैल बांबू असणार, प्रवाह वाढला की आपटत असणार. सोमवारी होडी घेऊन मी त्या तराफ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. सुटलेला प्रत्येक बांबू दोरीने आवळला, अडकलेली जलपर्णी उपसली, फटीतून आत बघितलं. जमिनीवर धुळीचा एकसारखा थर होता. त्यावर मांजराचंही पाऊल नव्हतं.

पुढच्या सामन्याला टकटक आली आणि केंग मैदानात उतरला तो चार मिनिटांनी. त्याच्या पुढच्या खेपेला एकोणीस मिनिटांनी, त्याच्याच पासवर गोल झाला. मी ते सगळं वहीत लिहून ठेवलं, पातळीच्या आकड्यांच्या शेजारी. दरवेळी तीनच टकटक. आईचा चेहरा मात्र उजळत गेला. तिने सामना बघणं सोडलंच. ती दाराशी, त्या तराफ्याकडे तोंड करून, पानं निवडत बसायची. मी पडद्यासमोर बसून वर्तुळाला शिव्या घालायची आणि ती शांतपणे म्हणायची, "तू कशाला जीव काढतेस? साआत सांगेल की."

एकदा मी केंगला फोनवर हे सांगितलं. तो खूप हसला. म्हणाला, "ताई, काकांना विचार ना, पुढच्या वर्षी ठेवून घेतायत का मला."

मी विचारलं नाही. तेवढी खुळी मी अजून झाले नव्हते.

ऑक्टोबरअखेरच्या शुक्रवारी दुपारी मी घरीच होते. सामना दुसऱ्या दिवशी होता, टीव्ही बंद होता. टकटक आली. संध्याकाळी केंगचा फोन आला, त्याला पहिल्या अकरात घेतलं होतं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. प्रशिक्षक म्हणाले होते की उद्या नव्वद मिनिटं टिकलास तर कराराचं बोलू. केंगच्या आवाजात रडू होतं. मीही रडले. इतक्या महिन्यांचा वैताग एका फोनने धुऊन गेला, निदान त्या रात्रीपुरता.

शनिवारी नदी भरून वाहत होती. सकाळची पातळी सतरा पूर्णांक बेचाळीस. बुप्पामावशी शेवया देऊन गेली, तीही लवकर, कारण प्रवाहाला ओढ होती. बाराला चित्र चालू झालं आणि आश्चर्य म्हणजे नीट चालू झालं. पाठीवर सात नंबर घेऊन केंग उजव्या बाजूने धावत होता. त्याचा गुडघा मी टक लावून बघत होते. पूर्वार्धात त्याने दोनदा बचावपटूला चकवलं. आई दाराशी होती, पण आज तिनेही मान वळवून बघितलं आणि म्हणाली, "बारीक झालाय."

मध्यंतर झालं. उत्तरार्ध सुरू झाला. एक वाजून एकवीस मिनिटांनी टकटक आली.

"गोल करणार," आई म्हणाली. तिने कोथिंबीर खाली ठेवली.

पुन्हा टकटक आली. तीन. आणि लगेच पुन्हा तीन.

असं आधी कधीच झालं नव्हतं. मी दाराकडे गेले. रिकामा तराफा जागेवर होता, कलला होता, दार बंद. त्याच्याभोवती पाणी गढूळ आणि जोरात वाहत होतं. टकटक मात्र पाण्याच्या तालावर नव्हती. ती घाईत होती. कुणीतरी सांगायला धडपडतंय आणि आपण ऐकत नाही, अशी.

"काका, काय ते?" मी विचारलं. मोठ्याने विचारलं.

टकटक थांबली.

आणि त्या तराफ्याचा कललेला कोपरा हळूच वर आला. वजन उतरल्यासारखा.

मी मागे पळाले. पडद्यावर वर्तुळ फिरत होतं. चित्र गोठलं होतं, हिरवं मैदान आणि त्यावर पुसट झालेले पाय. मी केंगला फोन लावला. फोन त्याच्या कपाटात असणार हे माहीत असून लावला. वाजत राहिला. क्लबाच्या कार्यालयात लावला, तिकडे कुणीतरी जपानीत काहीतरी नम्रपणे सांगितलं आणि संगीत सुरू झालं. मी काकुळतीच्या आवाजात इंग्रजीत म्हणत होते, त्याला बाहेर काढा, सात नंबरला बाहेर काढा. संगीत चालूच होतं. मी रिमोट आपटला. वर्तुळ फिरत होतं.

तेवढ्यात घर खाली गेलं.

डावा कोपरा. फळीवर पाऊल पडलं नव्हतं. कुणीतरी थेट उडी मारल्यासारखं घर एकदा खाली गेलं, मग वर आलं, आणि रांजणावरचं झाकण दोनदा वाजलं.

आईने मागे बघितलं नाही. ती पुन्हा कोथिंबीर निवडायला लागली होती.

"आधी पाय धू," ती म्हणाली.

रांजणाकडून पाणी ओतल्याचा आवाज आला.

मी तिकडे बघितलं नाही. मी पडद्याकडे बघत राहिले, कारण वर्तुळ नाहीसं झालं होतं आणि चित्र परत आलं होतं, स्वच्छ, एकही रेघ न हलता. केंग उजव्या बाजूने चेंडू घेऊन निघाला होता. धडधाकट होता. हसत होता, असंही मला दिसलं.

मी घड्याळाकडे बघितलं. घर खाली गेल्याला नऊ सेकंद झाले होते. आमचं चित्र अडतीस सेकंद मागे होतं.