मागे बसणारी

"हिला काय इचारता, हिला तर मागं बसताच येत न्हाई," विश्वंभर म्हणाला आणि ओसरीवर बसलेले सगळे पुरुष खो खो हसले.

सुमनबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. काय बोलली होती ती? एवढंच, की जी मागं बसणार तिलाबी इचारा की तिला कंची गाडी पाह्यजे... एकवीस वर्षं नवऱ्याचं हे एकच वाक्य तिने लग्नाच्या मांडवात ऐकलं होतं, बारशाच्या पंगतीत ऐकलं होतं, नणंदांच्या घोळक्यात ऐकलं होतं, आणि दर वेळी पदर सावरत, वाकडा पाय लुगड्याखाली ओढून घेत, ती गालातल्या गालात हसलीही होती. आज मात्र तिला हसू आलं नाही. चहा तिथेच जमिनीवर ठेवून ती पाय ओढत आत निघून गेली आणि चुलीपुढे नुसती बसून राहिली.

आठ दिवस ओसरीवर हाच उद्योग चालला होता. हळद हिंगोलीच्या बाजारात बऱ्या भावाने गेली, जुन्या गाडीने किक मारमारून पिंढरी सुजवायचा सपाटा लावला, आणि घरात नवी गाडी येणार असं ठरलं. मग काय, ज्याने जन्मात सायकलची हवा भरली नाही तोही सल्ला द्यायला येऊन बसू लागला. विश्वंभरला ॲव्हरेज हवं होतं. लिटरला सत्तरच्या खालची गाडी तो ऐकूनच घेत नव्हता. हरीशला, त्याच्या पोराला, पिकअप हवा होता, डिस्क ब्रेक हवा होता, मागचं टायर रुंद हवं होतं आणि आवाज असा, की गाडी वेशीत आली की घरात कळावं. शेजारच्या नरसिंगला चिंता एकच, पुढं विकताना भाव काय येईल. म्हणजे गाडी अजून घेतली नाही तोवर हा विकून मोकळा. आणि तांड्यावरचा धर्मसिंग मिस्त्री, ज्याचं सेनगावात गॅरेज, तो म्हणायचा की जिचं सामान सेनगावात भेटत नाही अशी गाडी दारात उभी करू नका. त्यातल्या त्यात त्याचं बोलणं शहाणपणाचं होतं.

पण रोज त्या गाडीवर मागे बसून वीस कोस जाणार-येणार होती ती वैष्णवी, गेल्या वर्षी आलेली सून. ती हिंगोलीला नर्सिंग शिकत होती, हरीश तिथल्याच एका अडत दुकानात कामाला होता, आणि सकाळी सातला दोघं निघत ते दिवेलागणीला परत येत. तिला कोणी विचारलं नाही. मागे बसणाऱ्या बाईला या घरात आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं.

एकवीस वर्षांपूर्वी विश्वंभरने पहिली गाडी आणली तेव्हा मागच्या चाकाला डाव्या अंगाने लोखंडी जाळी होती, बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून लावलेली. चौथ्या दिवशी त्याने ती मिस्त्रीकडून काढून घेतली, कारण काय, तर जाळीने गाडी गावंढळ दिसते. "राहू द्या ना," ती म्हणाली होती. "तुला काय कळतं," तो म्हणाला होता. पुढच्याच आठवड्यात ते हट्ट्याला, तिच्या माहेरी, वास्तुशांतीला निघाले. पाच वर्षांचा हरीश पुढे टाकीवर, ती मागे एका बाजूला पाय सोडून. औंढ्याच्या अलीकडे वाऱ्याने लुगड्याचा काठ चाकात गेला आणि काठापाठोपाठ तिची टाच गेली...

नांदेडच्या दवाखान्यात ती दोन महिने होती. पाय राहिला, पण वाकडा राहिला. आणि तिथेच, पलंगाशेजारी, विश्वंभरने तिच्या प्लास्टरवर डोकं टेकलं होतं. तिचा थोरला पैलवान भाऊ मुंजाजी हट्ट्याहून निघाला होता, आणि मुंजाजीचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. "तो मला सोडनार न्हाई," विश्वंभर हुंदके देत होता, "आन तुला घेऊन जाईल. लेकराचं कसं व्हईल, सुमन?" मुंजाजी दारात आला, आणि वेदनेने डोळे पांढरे झालेले असताना ती म्हणाली, "दादा, माझाच पदर सुटला. मलाच नीट बसता आलं न्हाई."

एक वाक्य. नवऱ्याच्या ओंजळीत तिने ते घातलं, संसार वाचवला, आणि तिला वाटलं हा माणूस जन्मभर याची आठवण ठेवील. दोन वर्षं त्याने ठेवलीही. तिच्याकडे बघताना त्याची नजर खाली जायची. तिसऱ्या वर्षी कोणी पायाचं विचारलं तेव्हा तो पटकन म्हणाला, "पदर सुटला हिचा." मग हळूहळू तो ते हसत सांगू लागला, मग लोकांना हसवू लागला, आणि शेवटी ते खोटं त्याने इतकं वापरलं की त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. हाच तिच्या अंतःकरणातला निखारा होता. वाकड्या पायाचं दुःख तिने केव्हाच गिळलं होतं; दिलेल्या दानाने रोज आपल्याच तोंडात मारून घ्यायचं, हे मात्र तिला गिळता येत नव्हतं.

सोमवारी सगळे हिंगोलीला निघाले तेव्हा सुमनबाई इस्त्रीचं पातळ नेसून दारात उभी होती.

"माय, तू काय करनार तितं?" हरीशने विचारलं.

"बसून पाहीन," ती म्हणाली आणि भाड्याच्या जीपमध्ये धर्मसिंगच्या शेजारी जाऊन बसली. गाडी घ्यायला जाताना आपला मिस्त्री सोबत नेतातच, म्हणून तोही निघाला होता.

शोरूममध्ये हरीशची नजर एकाच गाडीवर खिळली. लाल, उंच, पुढून उतरती आणि मागची सीट अशी वर उचललेली, की बसणारीने जीव मुठीत धरूनच बसावं. त्याने वैष्णवीला बसायला सांगितलं. ती एका बाजूने चढली, घसरली, हरीशच्या खांद्याला धरून पुन्हा सावरली, आणि सगळे बघताहेत हे पाहून ओशाळून म्हणाली, "जमंल."

जमंल! हाच शब्द सुमनबाईही एकदा बोलली होती.

"हीच फायनल करा," हरीश विक्रेत्याला म्हणाला. "आन ती जाळी तेवढी काढून द्या. गावंढळ दिसून राहिली."

विक्रेत्याने मान हलवली. "नाही काढता येत, साहेब. नियम आहे."

"मंग धर्मसिंगकाका काढतील भाहेर नेल्यावर. काय काका, दोन बोल्टांचं तर काम हाय."

धर्मसिंग जागचा हलला नाही. तो फरशीकडे बघत राहिला, आणि त्या वेळी सुमनबाई पुढे झाली. पाय ओढत ती गाडीपाशी गेली, जाळीवर हात ठेवला, आणि एकवीस वर्षं जो आवाज तिने स्वतःलाही ऐकू दिला नव्हता त्या आवाजात म्हणाली, "लाव पाना, धर्मसिंग. पन आधी माझ्या लेकाला सांग, पैली जाळी कोनाच्या सांगन्यावरून काढली व्हती."

विश्वंभर कावराबावरा झाला. "चल, घरी चल. इतं तमाशा नको."

"तमाशा तर तुमी रोज करता. माझ्या पायाचा. एकवीस वर्षं फुकट दाखवून राहिले लोकाला." ती मिस्त्रीकडे वळली. "सांग, धर्मसिंग."

धर्मसिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. "वैनी, म्याच काढली. मालक म्हनले म्हनून काढली. त्या दिसापासून म्या कोनाच्या गाडीची जाळी काढली न्हाई... तुमच्याकडं बघायची हिंमत झाली न्हाई मला."

हरीश आईकडे बघत होता, मग बापाकडे. त्या प्रवासातली फक्त आईची किंकाळी त्याला आठवत होती. बाकीचं सगळं त्याने बापाच्या तोंडून ऐकलं होतं, आणि हसत ऐकलं होतं.

विश्वंभर उसळला. "तूच म्हनली व्हतीस ना दवाखान्यात? मुंजाजीच्या म्होरं? तुझ्याच तोंडानं?"

"व्हय, म्याच म्हनलं," सुमनबाई म्हणाली. "तुमी माझ्या पायावर डोकं ठिवलं म्हनून म्हनलं. लेकराला बाप ऱ्हावा म्हनून म्हनलं. एकदाच म्हनलं. रोज म्हना, हसून म्हना, चार लोकांत म्हना, असं सांगितलं व्हतं का मी तुमाला? पाय गेला त्याचा राग न्हाई मला. तुमी इसरले, त्याचा हाय. आन आज माझं लेकरू तेच बोलून राहिलं, त्याच शब्दात, आन त्याच्या मागं दुसऱ्याची लेक बसनार हाय!"

तिने पातळाचा काठ घोट्यापर्यंत वर घेतला आणि आत वळलेला, जागोजागी सुकलेला तो पाय त्या चकचकीत गाडीच्या शेजारी टेकवला. ज्या बाईने एकवीस वर्षं तो पाय लपवला होता तिने तो दिवसाढवळ्या, परक्या माणसांसमोर ठेवला. वैष्णवी गाडीवरून उतरली आणि सासूच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"बाबा, खरं हाय हे?" हरीशने विचारलं.

विश्वंभरच्या ओठांवर कितीतरी उत्तरं आली असतील. पण तो पाय समोर होता. तो शोरूमच्या पायरीवर मटकन बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून म्हणाला, "व्हय. ती पडली न्हाई. म्या पाडलं तिला."

एवढं ऐकायला ती एकवीस वर्षं थांबली होती. तिला वाटलं होतं, हे कानावर पडलं की जीव हलका होईल. तसं काही झालं नाही. उलट संताप आणखी वर उसळला, की एवढंसं बोलायला याला इतकी वर्षं लागली...

"मला काय सांगता? मला ठाऊकच हाय," ती म्हणाली. "ज्याला खोटं सांगितलं त्याला सांगा. हट्ट्याला चला. आत्ताच."

हरीश वैष्णवीकडे वळला. "तू बसून पाह्य एकेकीवर. तू म्हनशील ती घेऊ. जाळीसकट." वैष्णवी तीन गाड्यांवर बसली, चौथी निवडली, बुटकी, सपाट सीटची, काळी, पाय टेकायला लांब फळी असलेली. दिसायला काही खास नव्हती. हरीशने तिचेच कागद करायला सांगितले.

हट्ट्याला दोघं एस.टी.ने गेली. विश्वंभर म्हणाला होता, घरी जाऊन जुनी गाडी घेऊ, आणि ती म्हणाली होती, "तुमच्या मागं मी बसनार न्हाई." वाटेत औंढा आलं तेव्हा त्याने खिडकीतून बाहेर बघायचं टाळलं. ती मात्र टक लावून बघत राहिली.

मुंजाजी अंगणात बाजेवर पडला होता. पासष्टी उलटलेली, साखरेच्या आजाराने अंग उतरलेलं, पण बहिणीला अशी अचानक आलेली पाहून तो ताडकन उठून बसला. विश्वंभरने पाणीही घेतलं नाही. उभ्यानेच, मान खाली घालून, त्याने सगळं सांगितलं. जाळी, दवाखाना, प्लास्टरवर टेकलेलं डोकं, ओसरीवरचं हसणं. काहीही गाळलं नाही, तिने गाळूच दिलं नसतं.

मुंजाजी सावकाश उभा राहिला. त्याचा हात वर जाताना सुमनबाईने पाहिला. मध्ये पडायला तिला पुरेसा वेळ होता, पण ती हलली नाही. थोबाडीत अशी बसली, की भावजय घरातून धावत बाहेर आली. विश्वंभरने गालाला हात लावला नाही.

"आन तू?" मुंजाजी बहिणीकडे वळला, आणि त्याचा आवाज फुटला. "तू मला काहून न्हाई सांगितलं, बाई?"

"सांगितलं असतं तर तू मला घेऊन आला असता, दादा. मंग माझं लेकरू कोनाच्या दारी वाढलं असतं?"

तो म्हातारा पैलवान बाजेवर बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. तिने त्याचे डोळे पदराने पुसले, मग तांब्यातून पाणी आणलं आणि नवऱ्यापुढे धरलं. तो ते पीत असताना भाऊ म्हणाला, "ऱ्हा इतंच. जाऊ नको." विश्वंभरने तिच्याकडे पाहिलं. या खेपेला तो पाया पडला नाही, लेकराचं नाव काढलं नाही. "तुझ्या मनावर हाय," तो एवढंच म्हणाला.

"मी ऱ्हाते काही दिस," सुमनबाई म्हणाली. "तुमी जा. माझ्यावर जितक्या लोकाला हसवलं, तितक्यांच्या दारी जाऊन खरं सांगा. एकबी घर सोडू नका. मंग या मला घ्यायला."

चौथ्या दिवशी वैष्णवीचा फोन आला. "आई, ते घरोघर हिंडून राहिले. ओसरीवर पैल्यांदा सांगितलं. काल तांड्यावर गेले, आज सेनगावात. जेवनाकडं ध्यान न्हाई त्यांचं. तुमाला आनायला उद्या येतो म्हनले."

सुमनबाईने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आन माझ्या नणंदबाई? वाशिमला असत्यात त्या?"

"तिकडं न्हाई गेले अजून. लांब पडतंय म्हनले, फोनवर सांगतो."

"फोनवर न्हाई," सुमनबाई म्हणाली. "त्यांच्या घरी भरल्या पंगतीत हसले व्हते ते. तितं जाऊन या म्हनाव. मी परवा वाट पाहीन."

तिने फोन ठेवला. भिंतीला टेकून बसली, दोन्ही पाय, सरळ आणि वाकडा, अंगणातल्या उन्हात लांब सोडले, आणि मग कितीतरी वर्षांनी ती मोठ्याने, मनसोक्त रडली. भावजय शेजारी येऊन बसली.