मिठआळीची हद्द

एकोणीसशे पन्नास साली पनवेलच्या मिठआळीला पटकीमुक्त आळीची ढाल मिळाली. पितळेची होती, मखमली डब्यात. पण ते आता विसरा. ढाल मिळालेली नाही, पटकी आलेली नाही आणि आनंदा ओट्यावर बसून राखुंडीने दात घासतो आहे.

त्याची आई रंभा नुकतीच अंगण सारवून आत गेली होती. ओल्या सारवणावर तिची पावलं उमटली होती. उजव्या पायाची करंगळी बाहेरच्या बाजूला, घरच्यांवर रुसून बसल्यासारखी. मिठागरात फळी पडून ती मोडली, ती तशीच जुळली. आनंदा म्हणायचा, आई, तुझी करंगळी कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्याचा अंगठा बघायला निघालीय. ती म्हणायची, "लगीन कर, मंग बायकोचे पाय बघ."

आनंदा मिठआळी आरोग्य समितीचा चिटणीस होता. म्हणजे सतरंजी घालायची, दवंडी द्यायची आणि अध्यक्ष काशिनाथशेठ बोलले की मान हलवायची. शेठची भातगिरणी होती. समितीच्या खोलीत एक कपाट होतं. त्यात विहिरीत टाकायचं लाल औषध, टोचणीचं सामान आणि पटकीच्या रोग्याला शिरेतून द्यायच्या मीठपाण्याच्या बाटल्या. किल्ली शेठच्या करदोट्याला.

वैशाखात खाडीकडच्या कातकरीवाडीत पटकी लागली. शुक्रा कातकरी येऊन ओट्याखाली उभा राहिला. बायकोला, चिंगीला, जुलाब-उलट्या होत होत्या. विहिरीत औषध टाका आणि चिंगीला बाटली लावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

वाडी हद्दीच्या दगडाच्या आत होती, तेव्हा औषध देणं भागच होतं. पण ढाल मिळणार होती ती एकही रोगी नसलेल्या आळीला. रोगी असल्याशिवाय औषध देता येत नाही, आणि औषध दिलं की रोगी होता हे सिद्ध होतं. या पेचात समिती चहा पीत बसून राहिली.

आळीतल्या बायकांनी आपला उपाय सांगितला. मरीआईचा गाडा सजवायचा, वाजतगाजत हद्दीबाहेर ढकलायचा, रोग त्याच्याबरोबर जातो. शेठ संतापले. स्वराज्य आलं तरी रोगाला गाडी लागते म्हणे, असली अंधश्रद्धा माझ्या आळीत चालायची नाही, असं त्यांनी सुनावलं. मग बराच शास्त्रीय विचार करून समितीने गाड्याऐवजी हद्द ढकलायचं ठरवलं.

दगड कमरेइतका उंच होता, माथ्यावर चुन्याचा पट्टा. आनंदा आणि आळीच्या टोकाला राहणाऱ्या बळीरामने पहारी लावून तो उपटला आणि वाडीच्या अलीकडे आणून रोवला. शुक्रा बघत होता.

"बघ, जागचा न हलता गाव बदलून मिळालं तुला," आनंदा म्हणाला. कोणी हसलं नाही. त्यालाही नंतर आठवेना की हे हसायला म्हणून म्हटलं होतं की कसं.

पलीकडच्या गावाने वाडी आपली नाही म्हणून कळवलं. दुपारी चिंगी गेली. शुक्रा पुन्हा आला, या वेळी ओट्यावर चढून.

"बाटली नको आता," तो म्हणाला. "ती कोनच्या गावात मेली, तेवडं सांगा."

आनंदाने मान हलवली. सवयच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगड आणखी आत आला होता, बळीरामच्या घराच्या अलीकडे. आधीच्या जागी खड्डा नव्हता. जमीन कधी खणलीच नसावी इतकी टणक. ओढल्याची खूण नाही. फक्त वाडीच्या विहिरीपासून दगडापर्यंत ओली पावलं आली होती, बाईची, बोटांपाशी खोल रुतलेली. जड काही ढकलताना रुततात तशी. परत गेलेलं पाऊल एकही नव्हतं. ऊन चढलं, चुलीपुढचं सारवण वाळलं, विहिरीचा काठ वाळला. पावलं वाळली नाहीत.

जेवणवेळेला बळीरामच्या पोरांना उलट्या सुरू झाल्या.

हा कातकऱ्यांचा चावटपणा आहे, असं शेठ म्हणाले. मग त्यांनी एक डोळा मिटून दगडाकडे पाहिलं, बळीरामच्या घराकडे पाहिलं. "पण घर बाहेरच पडलंय की. म्हणजे आत रोगी नाहीच."

दगड परत न्यायचा विषय निघाला नाही. बळीरामला बाटली मिळाली नाही. त्याचा धाकटा गेला, तेव्हा समितीने हद्दीबाहेरच्या कुटुंबाबद्दल हळहळ व्यक्त केली.

दगड रोज सकाळी आत येत राहिला. ज्या घरात रोग शिरायचा, ते घर त्या दिवशी बाहेर पडलेलं असायचं. इतकं चोख काम समितीत कोणी केलं नव्हतं. शेठनी दगडाला हार घातला. पावलं वाढत गेली. त्यात लहान मुलांचीही दिसू लागली.

एके सकाळी आनंदा राखुंडी घेऊन ओट्यावर आला, तर दगड घराच्या मागच्या बाजूला, आळीच्या अंगाला उभा होता. आत रंभा भिंतीला धरून ओकत होती.

तो धावत शेठकडे गेला. शेठ प्रेमाने बोलले. "हद्द बघ ना, आनंदा. हद्दीबाहेर औषध नाही, हा नियम तूच दवंडीत सांगितलास."

त्याने दगडाला पहार लावली. पहार वाकली.

रंभाचे ओठ पांढरे पडले होते. "जल्म मिठात गेला," ती म्हणाली, "नि मीठपानी नाय व्हय माज्यासाटी?" तिला हसायचं होतं बहुतेक.

दिवेलागणीच्या आत ती गेली.

ढालीच्या दिवशी दगड आळीत कुठेच सापडला नाही. पाहुणे आले. शेठनी समितीच्या खोलीचं कुलूप काढलं, मग कपाटाचं.

दगड कपाटात होता.

बाटल्या त्याच्या मागे, नीट सरकवलेल्या. एकही फुटली नव्हती.

हद्दीत कोणी रोगी आहे का, पाहुण्यांनी विचारलं. नाही, शेठ म्हणाले. ते खरंच होतं. ढाल देण्यात आली. टाळ्या वाजल्या.

टाळ्या वाजवताना शेठनी पोट धरलं. कपाळाला घाम. त्यांनी बाटल्यांकडे हात केला, दगडावरून तो पोचेना. चौघांनी जोर लावला, दगड हलला नाही. शेठनी आनंदाकडे पाहिलं.

"हद्द बघा ना, शेठ," आनंदा म्हणाला.

मग त्याची नजर फरशीवर गेली. सगळी पावलं कपाटाकडे तोंड करून, ओली. अगदी पुढच्या पावलाची करंगळी बाहेरच्या बाजूला, रुसलेली.

चिटणीस म्हणून त्याचं शेवटचं काम त्याने तिथेच, उभ्या-उभ्या केलं:

"मिठआळी आरोग्य समितीस अर्ज करण्यात येतो की, चिंगी शुक्रा, रंभा, बळीरामचा धाकटा व पावलांवरून ओळख न पटलेले इतर सर्व यांस कोणत्याही एका गावाच्या हद्दीत मयत झाल्याचे मानण्यात यावे, जेणेकरून त्यांना यापुढे हद्द ढकलावी लागणार नाही, ही विनंती."