स्वच्छ हवेचा दाखला

रंगाच्या कारखान्यातला गोदामवाला सकाळी साडेनऊला आत गेला, तो बाहेर आलाच नाही. दहाला दार ढकललं तेव्हा तो दोन पिंपांच्या मधे पालथा पडला होता. मुठीत किल्ल्यांचा जुडगा तसाच होता.

इन्स्पेक्टरबाई पोचल्या तोवर सगळी दारं सताड उघडली होती, तरी त्यांचे डोळे चुरचुरले. मागच्या ओळीतल्या पिंपाच्या बुडातून थिनर झिरपत होता. त्याखाली जमिनीचा हिरवा रंग ताटाएवढा सोलून निघाला होता.

“असा रंग उठायला किती दिवस लागतात?” त्यांनी मॅनेजरला विचारलं.

“चार-पाच.”

“आणि कुणालाच वास आला नाही?”

“रोज इथेच असतो, मॅडम. आमची नाकं केव्हाच मेली. म्हणून तर बाहेरचा माणूस बोलावतो.” त्याने एक कागद पुढे केला. तारीख परवाची. ‘गोदाम तपासले. गळतीचा वास नाही. काम सुरू ठेवण्यास हरकत नाही.’ खाली शिक्का होता: स्वतंत्र गंध सल्लागार.

“यंत्र नाही तुमच्याकडे?”

“आहे ना. पण यांचं नाक यंत्रालाही मागे टाकतं. एकोणीस वर्षांत एकदाही चुकलं नाही.”

मग परवाच कसं चुकलं? माणूस विकला गेला असणार, असं मनाशी धरून बाई निघाल्या.

सल्लागाराचं ऑफिस म्हणजे त्याच्या घराची पुढची खोली. वास धरून ठेवतात म्हणून तिथे पडदा नव्हता की गालिचा नव्हता. भिंतीवर बुचाच्या बाटल्यांच्या रांगा, टेबलावर भेटींची डायरी. पन्नाशीचा, ताठ बसणारा माणूस. मृत्यूची बातमी ऐकून तो म्हणाला, “गळती माझ्यानंतर झाली.”

“जमिनीचा रंग तसं सांगत नाही.”

“जमिनीला विचारून मी सल्ला देत नाही, बाई. नोकरी सोडून या नाकावर धंदा उभा केलाय.” त्याने टेबलावरची छोटी बाटली उचलली, मान मागे टाकली आणि दोन्ही नाकपुड्यांत थेंब सोडले. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“सर्दी झालीय?”

“छे. नाक साफ राहावं म्हणून. महिनाभर घेतोय. ही आणून देते, रोज भरून ठेवते. माझे अहवालही हीच टाइप करते.”

‘ही’ कॉफी घेऊन दारात उभी होती. कामावर निघायच्या तयारीत, गळ्यात ओळखपत्र. त्यावर जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्याचं नाव होतं. कप ठेवून ती पुन्हा दाराशी जाऊन थांबली.

तेवढ्यात आतून करपल्याचा वास आला. दूध उतू जाऊन भांड्याला लागलं होतं. बघता बघता खोली वासानं भरली. बाईंनी बायकोकडे पाहिलं. ती हलली नाही. नवऱ्याकडे एकटक बघत राहिली.

“साहेब, घरात आत्ता कसला वास येतोय?” बाईंनी सहज विचारलं.

त्याने डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. “कॉफी,” तो म्हणाला. “जरा जास्त भाजलेली.”

निघताना बाईंनी थेंबांची बाटली मागून घेतली. झाकणाच्या आट्यांत पांढरी पूड साचली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई त्याच खोलीत दोघांसमोर बसल्या.

“तुम्ही विकले गेला नाहीत,” बाई सल्लागाराला म्हणाल्या. “तुम्हाला वासच येत नाही. काल दूध करपलं आणि तुम्ही समोरचा कप बघून उत्तर दिलंत. गोदामातही असाच अंदाज केलात. किती दिवस झाले?”

तो पुटपुटला, “तीन आठवडे.”

“कुणाला सांगितलं नाहीत?”

“कुणाला सांगू? नाक गेलेल्या माणसाचा सल्ला कोण घेईल? अंदाजानं चाललं होतं. बहुतेक ठिकाणी काही नसतंच.”

“गोदामात होतं.” बाई बायकोकडे वळल्या. “बाटलीत औषध नव्हतं. प्रयोगशाळेचा अहवाल आलाय. तुमच्या कारखान्यातल्या मुलाम्याच्या टाकीतलं जस्ताचं पाणी होतं. ते रोज नाकात गेलं की वास यायचा बंद होतो. यांना येत नव्हता तो वास काल तुम्हाला येत होता, तरी तुम्ही गॅस बंद केला नाहीत. यांची फजिती माझ्या डोळ्यांसमोर व्हायला हवी होती तुम्हाला.”

सल्लागार बायकोकडे बघतच राहिला. “तू?”

“चोवीस वर्षं,” ती बाईंना म्हणाली, जणू तो तिथे नव्हताच. “रोज मी कामावरून आले की दारात उभं करून हुंगायचे. कुठल्या बसनं आलीस, शेजारी कोण बसलं होतं, सगळं सांगायचे. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिकडे जायला बंदी केली. मी चोरून जायची. तीनदा साबणानं हात धुऊन यायची. तरी हे म्हणायचे, म्हातारीच्या मलमाचा वास येतोय. मग रात्री मला जेवण नाही. आई गेली त्या दिवशीही हुंगलं.”

“आणि गोदामवाला?”

“त्याचं मला काय माहीत? मला वाटलं, हे काम सोडतील. सही करतील असं नव्हतं वाटलं.”

“तीन आठवडे यांचे अहवाल कोण टाइप करत होतं?”

तिने टेबलावरची डायरी पुढे ओढून मिटली.

“गोदामाचाही तुम्हीच केलात. ‘गळतीचा वास नाही.’ हे नाक मेलेलं आहे हे जगात फक्त तुम्हा दोघांना ठाऊक होतं.” बाई उठल्या. “चला, दोघंही.”

सल्लागार जागचा हलला नाही. “माझं नाक,” तो म्हणाला. “परत येईल का?”

“डॉक्टरांना विचारलं मी. पहिल्या आठवड्यात दाखवलं असतंत तर कदाचित. आता नाही.”

बायकोने ते नीट ऐकून घेतलं आणि चपला पायात सरकवल्या. बाई दाराशी थोडा वेळ थांबल्या. मेलेल्या माणसाचं नाव काय, घरी त्याचं कोण आहे, हे दोघांपैकी कुणीतरी विचारेल असं त्यांना वाटत होतं. कुणीच विचारलं नाही.