बिरोबाच्या दगडावरची पाल

मी सोलापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात पाली मोजतो. लोक हसतात. पण एकाच पूर्वजाची पिल्लावळ वेगवेगळ्या टेकड्यांवर अडकून पडली, की लाखो वर्षांत कशी निराळी होत जाते, हे पालीइतकं स्वच्छ कोणी सांगत नाही.

सांगोल्याकडच्या एका माळावर, बिरोबाच्या दगडाखाली मला एक पाल सापडली. तिच्यासारखी पुस्तकात कुठेच नव्हती. तिथं मेंढरं राखणाऱ्या मायाक्का आडव्या आल्या. त्या दगडाजवळचं काही न्यायचं नाही. नेलंच, तर होतं तिथं आणून ठेवायचं, असा त्यांचा रिवाज. मोजून आठ दिवसांत सोडतो, असा मी शब्द दिला. तो खोटा होता, आणि देतानाच मला ठाऊक होतं. नवी जात जाहीर करायची तर नमुना जपून ठेवावा लागतो, आणि दुसरी पाल काही मिळाली नव्हती.

मी तिला मारलं. डीएनएसाठी शेपूट मुळापासून कापलं, मागच्या पायाला पांढऱ्या दोऱ्यानं नंबराची चिठ्ठी बांधली आणि तिला अल्कोहोलच्या बरणीत ठेवलं.

शोधनिबंधासाठी महिन्यानं पुन्हा मापं घेतली. शेपूट तीन मिलिमीटर. आधी नीट कापलं गेलं नसेल, म्हणून वहीत खाडाखोड केली. पंधरा दिवसांनी सात. पालीला शेपूट पुन्हा फुटतं, हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो. मेलेल्या पालीचं अभ्यासक्रमात नाही.

निबंध तयार होता, जातीचं नावही ठरलं होतं. पण घास गोड लागेना. एका सकाळी बरणी पिशवीत घालून मी सांगोल्याची एसटी धरली. मायाक्कांपुढे सगळं कबूल करायचं, पाल दगडाखाली पुरायची. निबंध गेला तर गेला.

मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या.

"शब्द पाळला मास्तर तुमी. मला वाटलं हुतं, न्हाय आणायचे. रोज दिसती की हितं. शेपूट तुटलंय, पर फुटायलंय."

मी पिशवीत डोकावलो. बरणीत पाल होती, पायाला दोराही होता.

मायाक्का दगडाकडे वाकून बघत होत्या.

"पायाला दोरा कशाला बांधला ओ? सोडा की तेवढा. चालताना वडतोय तिला."

मी दगडापाशी गुडघ्यावर बसलो. तिथल्या पालीच्या पायातली गाठ माझ्याच हातची होती.

पाल पळाली नाही. तिच्या अंगाला अल्कोहोलचा वास येत होता.