गंडीपेटच्या काठी, भर पावसात

"ओ दादा, नुसते बघताय काय? धरा ही दोरी!"

रेणू ओरडली आणि पांढऱ्या कुर्त्यातल्या त्या उंच माणसानं निमूट दोरी धरली. गंडीपेट तलावावरून सर तिरपी येत होती. वाऱ्यानं मंडपाचं कापड फडफडत होतं. सजावटीच्या धंद्यातलं तिचं हे पहिलंच मोठं काम – आणि तेही उघड्यावर, पाण्याच्या काठी!

"गाठ येते ना?"

"हौ, येते."

त्यानं मारलेली गाठ लगेच सुटली. रेणूनं कपाळाला हात लावला. "मंडपवाले ना तुम्ही?"

"सकाळपर्यंत तरी नव्हतो." तो हसला. त्याच्या पापण्यांवर पाणी थबकलं होतं. तिनं घाईघाईनं नजर दोरीकडे वळवली, गाठ कशी मारायची ते दाखवलं आणि पुढचे चारही खांब त्याच्याकडून बांधून घेतले.

तेवढ्यात नवरीचे वडील निवृत्तीकाका चिखल तुडवत आले. "प्रज्ञेश, बहिणीला समजाव. विद्यानगरचा हॉल रिकामा आहे. तिकडंच जाऊ."

बहिणीला? रेणूनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. नवरीचा भाऊ... आणि आपण त्याला राबवून घेतलं!

"सौरभनं गीताला लग्नाचं इथंच विचारलं होतं, बाबा," प्रज्ञेश म्हणाला. "तिला हेच तळं हवंय. आपल्यात मुहूर्ताची घाई नसते. थांबू की थोडं."

"आणि मंडप पडला तर?"

"नाही पडणार, काका," रेणू मध्येच बोलली. "मी शब्द देते."

काकांनी तिच्या चिखलानं माखलेल्या हातांकडे पाहिलं आणि मान डोलावली.

तास गेला. पाऊस उणावला, पण थांबेना. शेवटी गीताच पांढऱ्या साडीच्या निऱ्या उचलून बाहेर आली. "भिजू की! चला." हसत, छत्र्या सावरत पाहुणे मागोमाग निघाले.

भंतेजींनी वंदना सुरू केली. बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती फरफरू लागली, तशी रेणूनं हातांचा आडोसा केला. समोरून प्रज्ञेशचे हात आले. बोटांना बोटं लागली... कुणीच मागे घेतली नाहीत. गीता-सौरभनं एकमेकांना हार घातले, फुलं उधळली गेली, आणि ज्योत तेवत राहिली.

जेवणं आटोपल्यावर ती तोरणं उतरवत होती. तो येऊन उभा राहिला.

"भाऊ आहे म्हणून आधी का नाही सांगितलंत?" तिनं लटक्या रागानं विचारलं.

"सांगितलं असतं, तर तुम्ही दोरी दुसऱ्याच्या हातात दिली असती."

तिला हसू आवरेना. "उरलेलं सामान न्यायला उद्या अकराला टेंपो येईल."

"मी येऊ?"

"कामाला?"

"नाही..." त्याचा आवाज उतरला. "तुम्हाला भेटायला. उद्या... आणि त्यानंतरही."

तळ्यावर थेंब वाजत होते. रेणूनं हातातलं तोरण उगाच दोनदा गुंडाळलं.

"मग दहालाच या," ती हळूच म्हणाली.